देवाचा बोकड आणि विकल्याचं बटण

दादाचा फोन यायचा तेव्हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीतली कबुतरं उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. तो फोनवर बोलत नसे. परंड्याच्या माळावर उभा राहून पुण्याला हाक मारत असे, फोन आपला नावाला. मी फोन कानापासून हातभर लांब धरायची, तरी शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "मग, व्याली का तुमची शेळी?" आता ती कबुतरं माझ्या गॅलरीत निवांत बसून असतात. मला त्यांचा राग येतो.

दादा माझ्याहून मोठा. परंडा तालुक्यातल्या आमच्या गावात शेळ्या पाळतो. शेळ्या अस्सल उस्मानाबादी, काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिला कागदपत्रं बदलून घ्यायला कुणी सांगितलंच नाही. दादाची शेळीवरची नजर म्हणजे तालुक्याची मालमत्ता होती. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीपासून परंड्यापर्यंतच्या बाजारात लोक शेळी घेण्याआधी त्याला बोलवायचे. तो लांबूनच बघून सांगायचा, ही दोन करडं देईल, ही लाथ मारील, आणि ही शेळी चांगली आहे पण मालक खोटा आहे. एकदा म्हणे त्यानं नुसती लेंडी बघून शेळीचं गाव सांगितलं. मी तिथं नव्हते, पण तो सांगतो म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

मग त्याला काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या. बाजूनं येणारी मोटरसायकल दिसेना, मग बाजूनं येणारी वहिनी दिसेना. मधलं तेवढं काही वर्षं राहिलं, आणि मग तेही गेलं. डॉक्टर झाले, थेंब झाले, सोलापूर झालं. दादा मात्र जसाच्या तसा. बाजारात जायचा, रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करायचा. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून ठरवतात. "रुमालाखाली समदेच आंधळे," असं म्हणून तो हसायचा. पण शेळी निवडायला त्याला बोलावणं बंद झालं. लोक नमस्कार करायचे आणि पुढं जायचे.

त्याच सुमाराला गावातल्या शेळीवाल्यांनी एक गट केला, आणि गटाला वाटलं, आपली वेबसाइट पाहिजे. गटात कुणाची बहीण पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते? माझ्या दादाची. ती पैसे घेईल का? कशी घेईल, माहेर आहे! अशा रीतीनं माझी नेमणूक झाली.

वेबसाइटला दोन बाजू असतात. एक गिऱ्हाइकाला दिसते ती, आणि एक आतली, जिथं बसून माल मांडायचा, काढायचा, विकला म्हणून नोंदवायचा. आमच्या धंद्यात तिला ॲडमिन पेज म्हणतात. दादानं तिचं नाव माजघर ठेवलं. आणि एके दिवशी कबुतरं उडवत म्हणाला, "माजघर म्या बघतो. समद्यांच्या शेळ्या मला पाठ हायत."

"दादा, ते बघायचं काम आहे."

"बाय, लॅपटॉप बोलतो म्हणं आता. मला ते दे. न्हायतर हे लोक मला खाटंवर बसिवत्याल. एकदा खाटंवर बसलेला माणूस उठत न्हाय, त्येला उचलत्यात."

हे वाक्य तो हळू बोलला. त्याच्या हळू बोलण्याची मला सवय नव्हती. त्या दिवसापासून ते पान त्याच्या एकट्याच्या हातानं चालायला पाहिजे, दुसऱ्या कुणाला हात न लावता, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी पान केलं. आणि काय देखणं केलं! प्रत्येक शेळीपुढं एक गोंडस बटण. दाबलं की घरंगळत डावीकडून उजवीकडं जायचं, हिरव्याचं लाल व्हायचं. लाल म्हणजे विकली. ऑफिसात चार जणांना दाखवलं, चौघांनी वाहवा केली. गावी जाऊन दादाच्या जुन्या लॅपटॉपवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला, त्याला मराठी बोलणाऱ्या बाईचा आवाज दिला, आणि पुण्याला येऊन बसते न बसते तोच कबुतरं उडाली.

"अगं, ही बाई नुसती म्हणती, बटण, बटण, बटण. कशाचं बटण? सदऱ्याचं का विजारीचं?"

मी बटणांना नावं दिली नव्हती. डोळ्यांना ते घरंगळणं दिसायचं म्हणून नाव कशाला, असं मला वाटलं होतं. मी प्रत्येकाला नाव दिलं, 'विकली'. पुन्हा फोन.

"आता समद्यांचं नाव इकली. आत्ता गं बया! एका घरात समद्या पोरांचं नाव एकच ठिवलं, तर जेवायला हाक कुणाला मारायची?"

मग मी नावात शेळी घातली: काळी, डाव्या कानावर पांढरा ठिपका, विकली. ही वर्णनं दादानंच सांगितली. ती सांगताना त्याला थांबवणं म्हणजे उतारावरच्या बैलगाडीला थांबवणं. एका शेळीचं वर्णन तर असं झालं: "काळी, कपाळावर चांदणी, चालताना मागं बघती, सासर आवडलेलं न्हाय." मी ते तसंच ठेवलं. हैदराबादकडच्या एका व्यापाऱ्यानं त्या वर्णनावरच ती शेळी मागितली.

तर असे फोन. लाल-हिरवं त्याला काय कळणार, म्हणून ते बटण चालू आहे की बंद हे बाईला बोलायला लावलं. बदल केला की 'जतन झालं' हे नुसतं कोपऱ्यात चमकून जायचं, ते तिला मोठ्यानं म्हणायला लावलं. एकदा मी एक खात्री करून घेणारी चौकट टाकली, तर दादा तिच्यात अडकला. टॅबची कळ दाबून दाबून तिथंच फिरतोय. "खुट्याला बांधलेल्या शेरडावानी गोल फिरतोय म्या सकाळधरनं," तो ओरडला. "दावं सोड!" मी दावं सोडलं.

पण खरं सांगू का? बटणाचं बोलणं पाच मिनिटांचं. त्यानंतर त्याचं गोष्टींचं पोतं उघडायचं. ज्वारी कशी आली, कुणाच्या लग्नात वरण पातळ होतं, कुठल्या बोकडानं मास्तरांचं धोतर खाल्लं. मग वहिनी मागून ओरडायच्या, "आवं, ताईस्नी कामं असत्याल!" आणि हा म्हणायचा, "कामाचंच चाललंय! बटणाचं!" मी ऑफिसात स्क्रीनकडं बघत गंभीर चेहरा करून ऐकायची. त्या फोनमधून मला गावाकडचा वारा लागायचा. पुण्यात वारा नाही असं नाही, पण इथल्या वाऱ्याला लेंडीचा वास येत नाही. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा. मला अजून कधी कधी सिग्नलला उभी असताना तो वास आठवतो आणि मागचे हॉर्न वाजवतात.

भानगड अशी की मी एक गोष्ट सुधारली की दुसरी मोडायची. शेळीचा फोटो मोठा केला, तर बटणाचं नाव गळालं. रकाना हलवला, तर टॅब उड्या मारायला लागला. मोडलेलं मला दादाचा फोन आल्यावर कळायचं, म्हणजे तोपर्यंत तो तिकडं अडून बसलेला असायचा आणि गटातलं कुणीतरी म्हणायचं, "सरक, म्या दाबतो." तो सरकायचा नाही, पण ते म्हणणं त्याला लागायचं.

म्हणून मी आपोआप तपासणारा एक प्रोग्राम लिहिला. नोकरीत मी हेच करते. हा प्रोग्राम पहाटे उठतो, पान उघडतो आणि माऊसला हात न लावता, फक्त कळ दाबत, बटण नावानं शोधत, सगळं पान फिरून येतो. बटण कुठल्या रंगाचं, कुठं आहे, हे त्याला कळत नाही. त्याचं नाव काय आणि ते चालू की बंद, एवढंच कळतं. नाव सापडलं नाही की बोंब मारतो. दादाला सांगितलं, "तुझ्यासारखाच एक गडी ठेवलाय. तू उठायच्या आधी सगळी बटणं चाचपून बघेल."

"डोळं हायत त्येला?"

"नाहीत."

"जेवतो?"

"नाही."

"मग लग्न हुईल त्येचं," दादा म्हणाला. "बिनखर्चाचा जावई."

गडी मात्र कामाचा निघाला. मोडलेलं मला पहाटे कळायचं, दादाचा चहा होईपर्यंत मी दुरुस्त केलेलं असायचं. दादाचं काम अडेनासं झालं. आणि फोन कमी झाले. हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. एकदा शेजारच्या काकूंनीच विचारलं, "भाऊ बरे आहेत ना तुमचे?"

आता देवाच्या बोकडाची गोष्ट.

आमच्या गावात एक बोकड आहे, सोनारीच्या देवाच्या नावानं सोडलेला. तो कुणाचा नाही म्हणून सगळ्यांचा. कुणाच्याही दारात जाऊन भाकरी खातो, कुणाच्याही पिकात शिरतो, आणि त्याला हाकलणारा माणूस आधी हात जोडतो. मी सांगते, त्याची शिंगं पाहून एसटीही हळू होते. वेबसाइट सुरू होताना गटाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी बजावलं होतं, "लग्नाच्या पत्रिकंवर आधी देव आस्तो का न्हाय? मग हितं बी पयलं देवाचं." म्हणून यादीत सगळ्यांत वर देवाचा बोकड. फोटो, वर्णन, आणि खाली ठळक: विक्रीला नाही. बाकी सगळ्यांना होतं तसं बटण त्यालाही होतं, कारण यादीतली प्रत्येक ओळ एकाच साच्यातून निघायची.

माझ्या गड्याला रोज एक शेळी 'विकली' करून, पुन्हा 'विकली नाही' करून बघावं लागायचं. त्यासाठी वेगळं सरावाचं पान करायचं असतं, हे मी ऑफिसात नव्या पोरांना दटावून शिकवते. पण माहेरच्या कामाला कोण एवढं करतं? मला अशी शेळी हवी होती जिच्याकडं कुणी गिऱ्हाईक बघणार नाही. ती यादीत पहिलीच बसली होती. देवाचा बोकड! पहाटे क्षणभर विकला, क्षणात परत. देवाला कशाला कळतंय!

एका पहाटे गड्यानं बोकड विकला, आणि तो परत घेण्याआधीच माझ्या लॅपटॉपला स्वतःला अपडेट करून घ्यायची हुक्की आली. तो बंद पडला. मी झोपलेली. तिकडं परंडा तालुक्यात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर सकाळी सकाळी देवाचा बोकड, आणि त्याच्यावर तांबडीलाल पट्टी: विकला.

फोन उचलला तेव्हा मागच्या गलक्यानं मला वाटलं भूकंप झाला.

"बाय, फोन चालूच ठिव," दादा म्हणाला. पुन्हा तो हळू आवाज. "मारुतीच्या पारावर हाय म्या. समदे जमलेत. म्हणत्यात, आंधळ्यानं देवाचा बोकड इकला."

फोन स्पीकरवर होता. मागं कल्लोळ चालला होता. कुणी म्हणत होतं, एका खाटकाचा भाव विचारायला फोन आला. कुणी म्हणत होतं, देव कोपला, पाऊस आता बघायलाच नको. मग तात्यांचा आवाज आला. तात्या वाईट माणूस नव्हेत, उलट फार मायेनं बोलत होते, आणि तेच भयंकर होतं.

"लेका, तुज्या हातून चुकून दाबलं गेलं आसंल. दोष न्हाय तुजा. पर आता माजघर दुसऱ्याकडं दिऊ. तू घरी निवांत बस. लई केलंस."

निवांत बस! खाट पारावर आणून ठेवल्यासारखी मला दिसली.

मी पुण्यातून ओरडले. आमच्या घराण्याचा आवाज मलाही आहे. "तात्या, दादानं काहीच केलं नाही! माझ्या मशीननं केलं! माझी चूक आहे!"

मग सगळा पार हसला. प्रेमानं हसला.

"ऐकलंत का," तात्या म्हणाले. "बहीण म्हनावी ती आशी. भावावर आलेलं आंगावर घेती."

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितकी मी चांगली बहीण ठरत गेले. कुणीतरी डोळे पुसल्याचाही मला आवाज आला, असं मी सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला नसता, पण नाक ओढल्याचा नक्की आला.

शेवटी दादाच बोलला. आता त्याच्या नेहमीच्या आवाजात. "तात्या, म्या चुकून दाबतो का न्हाय, हितंच बघा. लॅपटॉप आणलाय. तुमी सांगा, म्या करतो. एक चुकलं तर माजघर तुमचं."

मला ठाऊक होतं ते पारावर कुणालाच ठाऊक नव्हतं. विकलेली शेळी परत यादीत घ्यायला निघालं की 'नक्की परत घ्यायची का?' असं विचारणारी चौकट यायची. ती चौकट मी आदल्या संध्याकाळी नव्यानं बांधली होती. गड्यानं ती तपासायच्या आतच लॅपटॉप बंद पडलेला. ती दादाशी बोलेल की त्याला पुन्हा खुट्याला बांधून ठेवील, मला माहीत नव्हतं. आणि आता दुरुस्त करायला लॅपटॉप उघडावा, तर तो अजून अपडेटच होत होता. पडद्यावर गोल गोल फिरणारं चाक, आणि मी त्याच्याकडं हात जोडून बसलेली.

"माजी ढवळ्या पाठीची शेळी काढ," तात्या म्हणाले. "गेल्या बाजारात इकली ती."

टक टक टक. टॅबची कळ. आणि मग बाईचा आवाज सुरू झाला, पण मी दिलेली ती बाईच नव्हे. दादानं तिचा वेग इतका वाढवला होता की ज्वारीच्या मळणीयंत्रात कुणी बाराखडी टाकावी तसं ऐकू येत होतं. मला एक अक्षर कळेना.

"ही कंच्या भाषेत बोलती?" कुणीतरी विचारलं.

"मराठीत. तुमच्या कानाला अजून वरचा गेर पडला न्हाय." टक. "ही घ्या तुमची. इकलेली हाय, चालू. तिच्या म्होरं तुमचीच दुसरी, कान फाटकी, ती अजून न इकलेलीच हाय. तुमी मला ती इकली म्हनून लावायला सांगितली हुती काल, पर तुमी खोटं सांगितलं. ती तुमच्या जावयाला दिलीया, फुकट."

पार पुन्हा हसला, या वेळी तात्यांवर. तात्या म्हणाले, "आता बोकड."

टक टक टक. थांबला. स्पेसची कळ दाबल्याचा जाड आवाज. आणि मग काहीच नाही.

बाई गप्प. दादा गप्प. पारावरचं लिंबाचं झाड गप्प. पुण्यात मी श्वास धरून बसले, आणि तो इतका वेळ धरला की माझ्या पुढच्या जन्मातले काही श्वास त्यात खर्ची पडले असावेत. मला वाटलं, गेलं. चौकट आली आहे आणि तिनं त्याला सांगितलंच नाही. आता कुणीतरी म्हणणार, सरक.

मग तीच घाई, तीच मळणी. आणि दादा, प्रत्येक शब्द सावकाश मोजल्यासारखा, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "इचारतीय, नक्की परत घ्यायचा का? होय, का नको." एक टक. "होय." एक जाड आवाज.

"जतन झालं," बाई म्हणाली. हे तेवढं मला कळलं.

पारावर काय गलका झाला तो मी सांगत नाही. तुम्ही म्हणाल वाढवून सांगते. एवढंच सांगते की देवाचा बोकड त्या वेळी तिथंच पाराखाली कुणाची तरी पिशवी खात होता. माजघर दादाकडंच राहिलं. आजही आहे. तात्या आता दुसऱ्या गावच्या लोकांना दादाचं काम दाखवायला आणतात, जणू दादाला त्यांनीच घडवलं.

मी वेगळं सरावाचं पान केलं. त्यात एक खोटी शेळी आहे. गडी रोज पहाटे तिलाच विकतो आणि परत घेतो. नव्यानं बांधलेली कुठलीही चौकट आता आधी त्या पानावर जाते. महिने झाले, गड्यानं बोंब मारलेली नाही. रोज सकाळी माझ्या मोबाईलवर हिरवी खूण येते: सगळं ठीक. म्हणजे दादाला कुठं अडलेलं नाही. म्हणजे दादा फोन करणार नाही.

लोक म्हणतात, मग तूच कर की. करते ना. पण विचारायला काही निमित्त नसलं की आमच्या घरात बोलणं सुचत नाही. "जेवलास का?" झालं. "पाऊस?" झालं. बटणाचं निमित्त होतं तेव्हा आम्ही जगाच्या गोष्टी बोलायचो. कधी कधी हिरवी खूण बघताना मनात येतं, एखादं तरी नाव गळू दे. एकच. लगेच मीच जीभ चावते, आणि गड्याची पहाटेची वेळ पाच मिनिटं अलीकडं ओढते. गडी लवकर उठलेला बरा.

परवा बाजाराचा दिवस होता. मी फोन केला. मागं शेळ्यांचा, माणसांचा, टेम्पोच्या हॉर्नचा लोंढा.

"दादा, कसं चाललंय?"

"बाय, रुमालाखाली हात हाय माजा! मागनं करतो," तो ओरडला. गॅलरीतली कबुतरं उडाली. त्यानं फोन खिशात टाकला, पण घाईत बंद करायचा राहिला.

मी फोन ठेवला नाही. कापडाच्या खसखशीतून कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं येत होतं. दादा कुणाला तरी सांगत होता, "घरी जाऊन बघा वेबसाइटवर, म्या सोता चालवितो," आणि समोरचा म्हणत होता, "सोता? आन् कुनाची मदत?"

"कुनाची न्हाय," दादा म्हणाला.

व्हय, कुणाची न्हाय, मी इकडं मनातच म्हणाले. समोर लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग सुरू झाली होती, कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी फोन कानाशी तसाच धरून बसले. तिकडं चहा आला होता, आणि कुणीतरी तो किती जणांना हवा ते विचारत होतं.